पाठ पाहिल्यानंतर काय? शिक्षकाला वर्गात खरी मदत करण्याची मुख्याध्यापकांसाठी पद्धत

पाठ पाहून मुख्याध्यापक लॉगबुकात जे शेरे लिहितात, ते बहुतेक एकाच साच्याचे असतात. "पूर्वतयारी चांगली. शैक्षणिक साहित्याचा वापर केला. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा." खाली सही, तारीख. शिक्षकही सही करतात आणि दुसऱ्या दिवशी कालच्यासारखेच शिकवतात. यात त्यांचा दोष नाही. सहभाग वाढवायचा म्हणजे कोणत्या मुलाला, कोणत्या वेळी, काय करायला द्यायचे, हे त्या शेऱ्यात कुठेच नसते.

इथे दिलेली पद्धत साधी आहे, पण ती नेटाने करावी लागते. वर्गात बसल्यावर शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या पाटीकडे, वहीकडे, ओठांकडे जास्त पाहायचे. जे दिसले ते शिक्षकासमोर जसेच्या तसे ठेवायचे. दोघांनी मिळून एकच बदल ठरवायचा आणि तो पाहायला आठ दिवसांत परत त्याच वर्गात जायचे. डोळ्यासमोर विदर्भातल्या खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळा आहेत: दोन-तीन शिक्षक, जोडवर्ग (एका खोलीत दोन इयत्ता), आणि स्वतः एक वर्ग सांभाळणारे मुख्याध्यापक. संस्थेच्या हायस्कूललाही यातले बहुतेक लागू पडते. तिथे रिकाम्या तासिका असतात, त्यामुळे वेळेचा प्रश्न थोडा सोपा होतो.

वेळ कुठून काढायचा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत पटसंख्या १५० च्या वर गेली तर शिक्षकांच्या जोडीला मुख्याध्यापक असतो. आपल्याकडच्या खेड्यांत ६० पर्यंत पट आणि दोन शिक्षक हेच चित्र जास्त. त्या दोघांतला एक प्रभारी मुख्याध्यापक. म्हणजे दुसऱ्याचा वर्ग पाहायचा तर स्वतःचा वर्ग कोणाच्या भरवशावर सोडायचा, हा पहिला प्रश्न.

यातून दोन वाटा निघतात. पहिली वाट म्हणजे आपल्या वर्गाला २० मिनिटांचे असे काम लावून जायचे, ज्याचे उत्तर मुले स्वतः तपासू शकतात. जोडीने वाचन, किंवा मागच्या बाजूला उत्तर लिहिलेली उदाहरणांची कार्डे चालतात. "धडा उतरवून काढा" हे काम लावू नये. सहाव्या मिनिटाला गोंगाट सुरू होतो आणि तुमचे लक्ष भिंतीपलीकडे जाते. दुसरी वाट म्हणजे परिपाठानंतर आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग एका खोलीत बसवायचे. एक शिक्षक २० मिनिटे शिकवतो, दुसरा मुलांमध्ये बसून पाहतो. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पूर्ण तासिका पाहण्याची गरज नाही. वर्षातून एकदा पाहिलेल्या ४० मिनिटांपेक्षा महिन्यातून दोनदा पाहिलेली २० मिनिटे कितीतरी उपयोगाची ठरतात.

ही वेळ वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावावी. "सवड मिळाली की जाऊ" असे ठरवले तर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) फोन यांच्यापुढे सवड कधीच मिळत नाही. सोमवार टाळावा, कारण बाजाराच्या दिवसासारखीच त्या दिवशीही हजेरी विस्कटलेली असते.

वर्षाची आखणी गावाच्या हंगामाप्रमाणे करावी. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी भरते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलैत रोवणी सुरू होते आणि मोठी मुले बांधावर दिसतात. वऱ्हाडात दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. म्हणून पाठ पाहण्याची पहिली फेरी पोळ्याच्या आत संपवावी, दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करावी आणि तिसरी मार्चमध्ये सकाळची शाळा लागायच्या आधी उरकावी. अर्धा वर्ग वेचणीला गेला असताना पाहिलेल्या पाठावरून शिक्षकाबद्दल मत बनवणे अन्यायाचे आहे.

आधी मुलांना काय येते ते दोघांनी मिळून पाहा

पाठ पाहण्याआधी एक काम करून ठेवले तर पुढचे सगळे बोलणे सोपे होते. शिक्षकासोबत बसून वर्गातल्या प्रत्येक मुलाचे वाचन ऐकायचे. एका कागदावर दहा अक्षरे, दहा सोपे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात हीच चढण वापरतात. मूल जिथपर्यंत सहज वाचते, ती त्याची पायरी. एका मुलाला ३ मिनिटे धरली तर २४ मुलांना ७२ मिनिटे लागतात. दोन दिवसांत विभागून होते.

इथे एक चूक वारंवार होते आणि तिची किंमत मूल मोजते. बोलीचा उच्चार वाचनाची चूक म्हणून धरला जातो. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, 'मला'चे 'मले' होते. झाडीपट्टीत 'पाणी'चे 'पानी' होते. 'डोळा' हा शब्द पाहून 'डोया' म्हणणाऱ्या मुलाने तो शब्द बरोबर ओळखला आहे, अर्थही त्याला कळला आहे. तिथे फुली मारायची नाही. फुली कधी मारायची? 'डोळा'ला 'डाळ' वाचले तर. हा फरक सगळ्या शिक्षकांशी एकदा बसून ठरवून घ्यावा.

शेवटी एका पानावर चार गट होतात आणि प्रत्येक गटात मुलांची नावे. हे पान तुमच्याकडे एक आणि शिक्षकाकडे एक. यापुढे "वर्ग कच्चा आहे" अशी मोघम तक्रार उरत नाही. "तिसरीतली सात मुले शब्दांवर अडली आहेत" असे बोलता येते.

पहिला पाठ तुमचा

प्रभारी मुख्याध्यापक आणि सहायक शिक्षक एकाच पायरीवरचे असतात. पुष्कळदा शिक्षक वयाने, नोकरीने मोठे असतात. तेवीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींच्या वर्गात वही-पेन घेऊन बसणे दोघांनाही अवघड जाते. त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे आधी आपला पाठ पाहायला बोलावणे. "गुरुजी, माझ्या चौथीत मी प्रश्न विचारतो तेव्हा तीच चार मुलं बोलतात असं वाटतं. तुम्ही मागं बसून फक्त मोजून द्याल का?" त्यांनी मोजलेले आकडे त्यांच्यासमोर मान्य करायचे, त्यावर एक बदल करायचा आणि त्यांना पुन्हा बोलवायचे. पुढच्या महिन्यात त्यांच्या वर्गात जाताना तपासणीला आल्याची भावना निम्म्याने कमी झालेली असते.

दुसरी पथ्याची गोष्ट कागदांची. लॉगबुक हे सरकारी दप्तर आहे, ते साहेब पाहतात, आणि गोपनीय अहवालही तुम्हालाच लिहावा लागतो. मदतीच्या नोंदी त्यात गेल्या की शिक्षक तुमच्यासमोर फक्त ठरीव, सजवलेला पाठ घेतील. म्हणून साधी शंभर पानी वेगळी वही ठेवावी आणि ती पाहणीनंतर शिक्षकाकडेच राहू द्यावी. लॉगबुकात दिनांक, वर्ग, घटक आणि ठरलेला एक बदल एवढेच लिहिले तरी नियम पाळला जातो.

वर्गात बसल्यावर

आदल्या दिवशी पाच-दहा मिनिटे बोलून घ्यावे. उद्या काय शिकवणार? तासिका संपेपर्यंत मुलांना काय करता आले पाहिजे? मी खास कशाकडे पाहू? शिक्षक स्वतः सांगतात त्यावर लक्ष ठेवले तर बोलणी पुढे सोपी जातात. अचानक भेटीने धाक बसतो, पण शिकवण्यात त्याने फरक पडत नाही.

वर्गात शिरताना मुले उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणतात, त्यात मिनिटभर जाते आणि पाठाची लय तुटते. "मी आलो तर उठायचं नाही, काम चालू ठेवायचं" असे परिपाठात आधीच सांगून ठेवावे. शिक्षकाच्या खुर्चीवर बसू नये. मुलांमध्ये, खिडकीकडच्या शेवटच्या रांगेत बसावे. फोन कार्यालयात ठेवून जावा. पाठ चालू असताना मध्येच मुलांना प्रश्न विचारणे, फळ्यावरची चूक दुरुस्त करणे कटाक्षाने टाळावे. वर्गासमोर एकदा शिक्षकाला खाली पाहावे लागले की पुढचे वर्षभर तो मोकळेपणाने बोलणार नाही.

वहीत डाव्या बाजूला वेळ, उजवीकडे जे घडले ते. 'छान', 'कमी', 'प्रभावी' असले शब्द लिहायचेच नाहीत. तिसरीच्या वजाबाकीच्या पाठाची नोंद अशी दिसेल:

११.२० फळ्यावर ५२ − २७. मॅडम स्वतः सोडवून दाखवतात, हातचा समजावतात.
११.२६ "समजलं का?" सगळे: "होऽऽ."
११.२७ आणखी पाच उदाहरणे फळ्यावर. मुले उतरवतात.
११.३४ मॅडम पुढच्या दोन बाकांवरच्या वह्या पाहतात. बरोबर.
११.३९ खिडकीकडच्या तीन वह्या पाहिल्या. ६३ − २८ चे उत्तर दोघांचे ४५, तिसऱ्याचे रिकामे.

सोबत बैठकीचा एक नकाशा काढावा: प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. शिक्षकाने ज्याला नावाने विचारले त्याच्या चौकोनात एक टिंब. २० मिनिटांनी २८ चौकोनांपैकी सहांतच टिंबे आहेत आणि तीही पुढच्या रांगेत, हे कागदच सांगतो. त्यावर वाद होत नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत शिक्षकाच्या परवानगीने तीन मुलांजवळ जावे. एक पुढचे, एक मधले, एक अगदी मागचे. हळू आवाजात विचारावे: "काय करून राहिला? हे असं कायले केलं?" मूल आपल्या बोलीत सांगू लागले की त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळते. ४५ लिहिणाऱ्या मुलाने सांगितले असते, "आठातून तीन गेले पाच, साहातून दोन गेले चार." म्हणजे तो वर-खाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. त्याला हातचा विसरण्याची सवय नाही. दशक मोडून दहा एकक करायचे असतात, हेच त्याला माहीत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि नुसते 'सराव घ्या' म्हटल्याने दुसऱ्या अडचणीत चुकीचाच सराव पक्का होतो.

नंतरचे बोलणे

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी बोलावे. दोन दिवस उलटले की पाठ दोघांच्याही आठवणीतून निसटतो. पंधरा मिनिटे पुरतात. टेबलाच्या दोन बाजूंना न बसता त्याच रिकाम्या वर्गात, फळ्याजवळ बसावे.

सुरुवात खऱ्या आणि नेमक्या गोष्टीने करावी. "पाठ छान झाला" म्हटल्यावर कुठलाही शिक्षक पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागतो. त्याऐवजी, "हातचा समजावताना तुम्ही दशकाच्या घरातला ५ खोडून ४ लिहिला आणि थांबलात, तेव्हा सगळ्यांच्या नजरा फळ्यावर होत्या" हे बोलणे कामाला येते. मग नोंद वही पुढे करायची आणि गप्प राहायचे. शिक्षकाने स्वतः वाचू द्यावे. ११.२६ ते ११.३९ या तेरा मिनिटांत मागच्या मुलांना आले नाही हे मॅडमना कळायला काही मार्गच नव्हता, हे त्या स्वतःच म्हणतात. तेच त्यांच्या तोंडून आले तर उपायही त्याच शोधतात.

बदल एकच ठरवायचा. याच पाठापुरता तो असा: एक उदाहरण समजावल्यावर लगेच दुसरे एक द्यायचे, सर्वांनी पाटीवर सोडवायचे आणि "दाखवा" म्हटल्यावर पाट्या वर धरायच्या. दहा सेकंदांत २८ उत्तरे दिसतात. ज्यांचे चुकले त्यांना समोर बोलावून पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या दहा-दहा काड्यांच्या मोळ्या सोडून दाखवायच्या. बाकीच्यांनी तेवढ्यात फळ्यावरची पाच सोडवायची.

आता सर्वांत जास्त वगळला जाणारा टप्पा: तालीम. तिथल्या तिथे शिक्षकाने उभे राहून ते करून पाहायचे, तुम्ही मूल व्हायचे, मुद्दाम ४५ लिहायचे. पाच मिनिटे लागतात आणि सुरुवातीला संकोच वाटतो. पण बोललेला बदल उद्या गोंगाटाच्या वर्गात आठवत नाही, एकदा हाताने करून पाहिलेला आठवतो. त्यानंतर वहीत लिहायचे: काय बदलणार, कोणत्या पाठात, आणि मी परत कधी येतो. तारीख आठ ते दहा दिवसांच्या आतली हवी.

पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या अडचणी

वाचनाच्या तासाला एकेका मुलाने उभे राहून वाचायचे, ही सर्वत्र दिसणारी पद्धत. हिशोब मांडून दाखवावा. एका मुलाला दोन मिनिटे म्हटली तर २८ मुलांना ५६ मिनिटे. ३५ मिनिटांच्या तासिकेत सतरा मुलांची पाळी येते आणि ज्याने वाचले त्यानेही दोनच मिनिटे वाचले. त्याऐवजी जोड्या लावल्या, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून ऐकायचे, पाच मिनिटांनी अदलाबदल, तर दहा मिनिटांत प्रत्येक मूल पाच मिनिटे वाचते. शिक्षक फिरून चार जोड्या नीट ऐकतो. जोडीत दोघांच्या पायऱ्यांत एकाचाच फरक असावा. गोष्ट वाचणारा अक्षरांवरच्या मुलाशेजारी बसवला तर तो त्याच्या वतीने वाचून मोकळा होतो.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक थांबत नाहीत. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजले होते: सरासरी थांबणे सुमारे एक सेकंद. ते तीन सेकंद झाले की मुलांची उत्तरे लांबतात, "माहीत नाही" कमी होते. यावर उपाय म्हणजे प्रश्न विचारून मनात एक-दोन-तीन मोजायचे आणि त्यानंतरच नाव घ्यायचे. नाव आधी घेतले तर बाकीचे सत्तावीस जण सुटतात.

जोडवर्ग हा खरा कस आहे. तिसरी-चौथी एका खोलीत असताना तिसरीला शिकवायचे म्हणून चौथीला उतारा दिला जातो आणि चौथीचे निम्मे वर्ष उताऱ्यांत जाते. ४० मिनिटांची मांडणी अशी करून पाहावी: पहिली १० मिनिटे दोन्ही वर्ग एकत्र, एकच गोष्ट किंवा चित्र. पुढची १२ तिसरीसोबत, चौथी स्वतःच्या कामात. मग १२ चौथीसोबत. शेवटची ६ दोघांचे काम एकत्र पाहायला. हे फसते ते बहुधा सूचनेपाशी. पाठ फिरवल्यावर दोन मिनिटांत "सर, काय करायचं?" सुरू होते. काम फळ्याच्या त्यांच्या कोपऱ्यात लिहिलेले असावे, एका मुलाकडून ते स्वतःच्या शब्दांत वदवून घ्यावे, आणि लवकर संपले तर पुढे काय, तेही लिहून ठेवावे. पाठ पाहताना तुम्ही त्या 'दुसऱ्या' वर्गात बसा. शिक्षकाला जे दिसू शकत नाही ते तिथेच घडते.

मेळघाटातली कोरकू, भामरागड-एटापल्लीकडची माडिया, यवतमाळच्या पोडांवरची (कोलामांच्या वस्त्यांवरची) कोलामी, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले शाळेत येतात तेव्हा मराठी ही त्यांच्यासाठी शिकायची भाषा असते. कोलामी आणि माडिया द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. मराठीसारखी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी क्रियापदांची रूपे कोरकूत नाहीत, म्हणून "ताई आला" म्हणणारे मूल निष्काळजी नसते. इथे शिक्षकाला मदत म्हणजे गावातल्या एखाद्या मातेसोबत बसून वर्गात रोज लागणारे चाळीस-पन्नास शब्द आणि "बस, दाखव, पुन्हा सांग" अशा सूचना देवनागरीत लिहून घेणे. तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावावा. पहिल्या दोन महिन्यांत नवा घटक मुलांच्या भाषेतल्या बोलण्याने सुरू करावा आणि मराठी शब्द त्यानंतर द्यावा. पाठ पाहताना त्या मुलांचे मौन 'लक्ष नाही' म्हणून लिहू नका.

परत गेल्यावर बदल दिसला नाही तर

रागावण्याआधी कारण शोधावे. बदल कसा करायचा हे शिक्षकाला उमगलेच नसेल, तर तुम्ही त्याच वर्गावर १५ मिनिटे करून दाखवा किंवा केंद्रातल्या ज्या शाळेत ते चांगले होते तिथे केंद्रप्रमुखांशी बोलून अर्धा दिवस पाठवा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत भाषण ऐकण्यापेक्षा हा अर्धा दिवस मोलाचा. येते पण वेळ मिळत नाही असे असेल, तर भार कमी करणे हे तुमचे काम आहे: अकरा ते एक कुठल्याही शिक्षकाकडून माहिती मागायची नाही, ऑनलाइन भरणा शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसून करायचा, पोषण आहाराची नोंद पाळीपाळीने घ्यायची. आणि करायचेच नाही असे स्पष्ट दिसत असेल, तीन भेटींनंतरही, तर मदतीची वही बंद करून लॉगबुकाची लेखी वाट धरावी. पण पहिली दोन कारणे तपासण्याआधी तिसऱ्यावर येऊ नये. बहुतेक वेळा अडचण पहिल्या दोन कारणांतच सापडते.

वेचणीवरून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या मुलांसाठी शिक्षकासोबत बसून आधीच एक ठरवून ठेवावे. मूल आले त्याच दिवशी त्याची वाचनाची पायरी पुन्हा पाहायची, पहिले दहा दिवस रोज २० मिनिटे त्याला त्या पायरीच्या गटात बसवायचे, आणि चुकलेले धडे उतरवायला लावायचे नाहीत.

डिसेंबरात वाचनाच्या गटांचे जुलैतले पान पुन्हा काढायचे. तीच अक्षरे, तेच शब्द, तशाच अवघडपणाची नवी गोष्ट, तीच मुले. शिक्षक ऐकतील, तुम्ही नोंद कराल. जुलैत शब्दांवर अडलेल्या सातांपैकी किती परिच्छेदावर पोचले ते नावानिशी लिहा, आणि जी दोन-तीन नावे अजून तिथेच आहेत, जानेवारीच्या पहिल्या भेटीत त्यांच्या शेजारी जाऊन बसा.